बाल्कनीतले जर्मन पॅनेल आणि ठाण्यातली गच्ची: एका सोसायटीचे प्रकरण

ठाण्यात कोलशेत रस्त्याच्या बाजूला एक सोसायटी आहे. तीन विंग, प्रत्येकी सात मजले, मजल्यावर चार घरे, अशा एकूण ८४ सदनिका. इमारतींना वीस वर्षे झाली आहेत. २०२४ च्या दिवाळीनंतर सोसायटीच्या कार्यालयात एक अर्ज आला. अर्जदार बी विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. त्यांचा मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला असतो. त्या उन्हाळ्यात बाई त्याच्याकडे राहून आल्या होत्या. तिथल्या इमारतींत बाल्कनीच्या कठड्यांवर सौर पॅनेल टांगलेले असतात आणि त्यांची वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये जाते, हे त्यांनी रोज पाहिले होते. आपल्या बाल्कनीच्या ग्रिलवर तशीच दोन पॅनेल लावायची परवानगी त्या मागत होत्या.

समितीने चार ओळींत नकार कळवला. इमारतीचे बाह्यरूप बिघडेल, पॅनेल खाली पडून अपघात होईल, आणि उद्या सगळेच मागतील. बाईंनी परत लिहिले की पहिल्या दोन हरकतींचा विचार जरूर करा, पण सगळ्यांनी मागितले तर त्यात वाईट काय, हे मला समजावून सांगा. या वाक्यामुळे विषय वार्षिक सभेची वाट न बघता विशेष सर्वसाधारण सभेकडे गेला, आणि सभेआधी तांत्रिक बाजू तपासायला मला बोलावले. मी वीज वितरणात नोकरी करून निवृत्त झालो आणि शेजारच्याच सोसायटीत राहतो. हे टिपण त्या सोसायटीच्या संमतीने लिहितो आहे. गच्ची सगळ्यांची आणि मीटर ज्याचा त्याचा, अशी स्थिती असलेल्या शेकडो इमारती ठाण्यात आहेत. त्यांतल्या कोणाला तरी याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

जर्मनीने नेमके काय केले

बाईंच्या मुलाने अर्जासोबत कागद पाठवले होते. त्यांत महत्त्वाच्या बाबी दोन होत्या. मे २०२४ मध्ये तिथे सौर ऊर्जेसाठी कायद्यांतल्या सुधारणांचा एक गठ्ठा लागू झाला. त्यामुळे बाल्कनीतल्या छोट्या संचाच्या इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या यंत्राची, मर्यादा ६०० वरून ८०० वॅट झाली. वीज वितरण कंपनीकडे वेगळी नोंदणी करण्याची अट गेली आणि केंद्रीय नोंदवहीत ऑनलाइन सोपी नोंद पुरेशी ठरली. दुसरी बाब ऑक्टोबर २०२४ ची. सदनिकाधारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा संच लावणे हा सदनिकाधारकाचा आणि भाडेकरूचाही हक्क ठरला. याआधी इलेक्ट्रिक गाडीचे चार्जिंग, अपंगांसाठी सोयी, घरफोडीपासून संरक्षण अशा मोजक्या गोष्टींना तिथे हा दर्जा होता. आता पॅनेल लावायचे की नाही हे सदनिकाधारकांच्या सभेला ठरवता येत नाही. ते कसे लावायचे, कोणत्या रंगाचे, कोणत्या पकडीने, हे मात्र ती ठरवू शकते. २०२५ च्या मध्यापर्यंत तिथल्या नोंदवहीत असे दहा लाखांहून अधिक संच जमा झाले.

आपल्याकडे जर्मनीचे नाव निघाले की चर्चा लगेच अणुभट्ट्यांवर जाते. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या, तो निर्णय बरोबर की चूक यावर तासन्‌तास वाद होतो. सभेतही झाला. मी तो थांबवला, कारण ८४ घरांच्या सोसायटीला त्यातून घेण्यासारखे काही नव्हते. घेण्यासारखे त्याच्या फार आधीचे होते. २००० साली जर्मनीने नवीकरणीय ऊर्जेचा कायदा केला आणि छपरावरच्या विजेला वीस वर्षांच्या ठरलेल्या दराची हमी दिली. तो दर सुरुवातीला युनिटला ५० सेंटच्या आसपास होता. हा खर्च सामान्य जर्मन ग्राहकाने बिलावरच्या अधिभारातून सोसला. २०१७ मध्ये तो अधिभार युनिटला ६.८८ सेंटपर्यंत चढला आणि शेवटी जुलै २०२२ मध्ये शून्यावर आणला गेला. मागणी वाढली, चीनमध्ये कारखाने उभे राहिले, पॅनेल स्वस्त झाली, आणि त्या स्वस्ताईत जर्मनीच्या स्वतःच्या क्यू-सेल्ससारख्या कंपनीला २०१२ मध्ये दिवाळखोरीत जावे लागले. आज ठाण्यातल्या गच्चीवर जे पॅनेल परवडते, त्याच्या किमतीत त्या जर्मन बिलांचा वाटा आहे. मला याबद्दल खरीखुरी कृतज्ञता वाटते. ती किंमत आपण पुन्हा मोजण्याची गरज नाही, पण त्यांना काय शिकावे लागले ते नीट वाचण्याची आहे.

बाल्कनीचा हिशेब

मी बाईंच्या घरी गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाल्कनी पश्चिमेला, समोर ए विंग. ग्रिलवर कबुतरांसाठी जाळी, आतल्या दोरीवर कपडे. साडेतीनच्या सुमारास समोरच्या विंगची सावली ग्रिलवर चढायला लागली आणि चारच्या पुढे ऊन संपले. याच बाल्कनीवर मिळून ८०० वॅटची दोन पॅनेल उभी टांगायची होती.

श्टुटगार्ट आणि ठाणे यांच्यातला पहिला फरक सूर्याच्या उंचीचा आहे. श्टुटगार्टला डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो आणि जूनमध्येही ६५ अंशांच्या पुढे जात नाही. तिथे दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या पॅनेलवर वर्षभर ऊन समोरून पडते. ठाण्यात डिसेंबरमध्येच दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला राहतो. त्या काळात दक्षिणेच्या बाल्कनीत टांगलेल्या उभ्या पॅनेलला भर दुपारी थेट ऊन मिळतच नाही. ढोबळ हिशेबाने, गच्चीवर थोड्या तिरप्या लावलेल्या पॅनेलच्या निम्म्याहून जरा जास्त वीज उभे पॅनेल देईल, आणि तीही समोर मोकळे असेल तर. बाईंच्या पश्चिमेच्या, समोर इमारत असलेल्या बाल्कनीत महिन्याला तीसेक युनिटच्या वर मला काही दिसेना.

दुसरा फरक दराचा. जर्मन घरात वीज युनिटला ३५ ते ४० सेंट पडते, म्हणजे तीस-पस्तीस रुपये. तिथे तीस युनिट वाचले तर हजाराच्या आसपास बचत होते. बाईंचा वापर महिन्याला १८० युनिटचा. त्यांच्या वरच्या स्लॅबचा दर धरला तरी बचत तीनशे-साडेतीनशे रुपयांची.

तिसरा फरक मीटरचा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. जर्मनीत जुने चकतीचे मीटर उलटे फिरले तरी नवा मीटर बसेपर्यंत ते चालवून घेतात. आपल्याकडचे बरेच साधे डिजिटल मीटर वीजचोरी पकडता यावी म्हणून असे जुळवलेले असतात की वीज उलट दिशेने बाहेर गेली तरी ती वापर म्हणूनच मोजली जाते. नेट मीटर, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, न बसवता कोणी गुपचूप प्लगमध्ये पॅनेल जोडले, तर दुपारी घरात कोणी नसताना बाहेर जाणाऱ्या विजेचे बिल त्यालाच भरावे लागेल. परवानगीशिवाय जोडणे नियमात बसत नाही ते वेगळेच. ऑनलाइन बाजारात ‘प्लग लावा आणि वापरा’ म्हणून हे संच मिळतात, त्यामुळे हे मुद्दाम लिहिले.

चौथा मुद्दा वाऱ्याचा, आणि तो समितीच्या बाजूचा आहे. एका पॅनेलचे वजन वीस-बावीस किलो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले होते. ग्रिल भिंतीत कसे बसवले आहे, वीस वर्षांत ते किती गंजले आहे, हे प्रत्येक घरात वेगळे. खाली मुले सायकली चालवतात. बाईंना मी स्पष्ट सांगितले, “बाई, तुमच्या बाल्कनीत हे लावू नका. नियमाचे राहू द्या, ते तुम्हाला पुरेशी वीजच देणार नाही.” त्यांनी माझे सगळे आकडे वहीत उतरवून घेतले आणि विचारले, “मग आमच्या वाटणीचे ऊन कुठे आहे?”

गच्चीवर

ऊन वर होते. तिन्ही गच्च्या पाहिल्या. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, डिश अँटेना, आणि बी विंगच्या निम्म्या गच्चीवर पाणी तापवण्याच्या सौर संचांचे सांगाडे. हे सांगाडे ठाण्यात खूप गच्च्यांवर आहेत. नव्या इमारतींना सौर गरम पाण्याची सोय करण्याची अट महापालिकेने घातली. हेतू चांगला होता. इस्रायलने १९८० मध्ये असा नियम केला आणि तिथल्या गच्च्यांवर आजही या टाक्या घरोघरी दिसतात. आपल्याकडे नियम आला, पण तो संच पुढे सांभाळायचा कोणी, हे कुठेच लिहिले गेले नाही. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रासाठी संच बसवला. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी नळ्या आतून पांढऱ्या झाल्या, काही फुटल्या, मग सातव्या मजल्याला गरम आणि पहिल्याला कोमट पाणी यावरून भांडण झाले आणि कोणीतरी एक दिवस व्हॉल्व्ह बंद केला. मी पाहिले तेव्हा टाकीवरच्या पत्र्याखाली कबुतरांची घरटी होती. दुसऱ्या देशाचा नियम उचलताना त्याच्यासोबतची शिस्त मागे राहिली तर काय होते, ते समितीला दाखवायला मला त्या सांगाड्यांइतका चांगला पुरावा मिळाला नसता. पॅनेलचा ठराव करताना सफाई आणि देखभालीची वार्षिक तरतूद त्याच ठरावात लिहा, हा आग्रह मी तिथेच धरला.

जुने संच काढून तिन्ही गच्च्यांवर मिळून ३० किलोवॅट बसतील एवढी, म्हणजे तीन हजार चौरस फुटांच्या आसपास, बिनसावलीची जागा निघाली. ठाण्यात एका किलोवॅटमागे वर्षाला १,४०० युनिट धरले तर ३० किलोवॅटला ४२,००० युनिट, महिन्याला सरासरी ३,५०० युनिट.

आता सोसायटीचे सामाईक बिल. तीन लिफ्ट, पंप, जिने आणि आवारातले दिवे मिळून महिन्याला ३,३०० ते ३,४०० युनिट. तीन विंगचे तीन मीटर, प्रत्येकी अकराशे युनिटच्या आसपास. सामाईक मीटरला घरगुती दरच लागतो, पण वापर जास्त असल्याने बरीचशी युनिटे पाचशेच्या पुढच्या स्लॅबमध्ये जातात, आणि तिथला दर पहिल्या शंभर युनिटच्या अडीच-तीन पट असतो. बिल महिन्याला पन्नास हजारांच्या घरात. गच्चीचे ऊन आणि सामाईक वापर यांचा मेळ जवळजवळ काट्यावर बसत होता.

तेच ३० किलोवॅट ८४ घरांत वाटले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला ३६० वॅटच्या आसपास आले असते, महिन्याला ४०-४२ युनिट. सभेत एका तरुण सभासदाने हाच आग्रह धरला. माझ्या बिलात कपात दिसली पाहिजे, मेंटेनन्समध्ये जिरलेली बचत कोणाला दिसत नाही, असे त्याचे म्हणणे. मुद्दा अगदी बिनतोड वाटत होता, म्हणून त्याचाही हिशेब मांडला. आपले दर चढत्या स्लॅबचे आहेत. ज्या घरात दोन एसी आणि ४०० युनिटचा वापर आहे, तिथे ४२ युनिट वरच्या, चौदा रुपयांच्या आसपासच्या दरातून कमी होतील, म्हणजे सहाशे रुपये वाचतील. तळमजल्याजवळच्या घरात एकट्या राहणाऱ्या आजींचा वापर ९० युनिटचा. त्यांचे तेवढेच ४२ युनिट सहा रुपयांच्या आसपासच्या दरातले, बचत अडीचशेची. गच्चीवर दोघांचा हक्क सारखा. सामाईक मीटरवर तीच वीज वापरली तर वरच्या स्लॅबची बचत सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते, घरटी महिन्याला पाचशेच्या आसपास. जर्मनीत दर सपाट असतो, त्यामुळे तिथल्या वाटणीच्या हिशेबात हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे कोणी परदेशातली वाटणीची पद्धत जशीच्या तशी सुचवली, तर आधी आपली स्लॅब पुढे ठेवावी.

सभा

सभा जानेवारीत झाली. हरकती ठराविकच होत्या. लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल ना, हा पहिला प्रश्न. नाही. ग्रिडची वीज गेली की गच्चीवरचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लिफ्टसाठी असलेला जनरेटर ठेवावाच लागेल. हे आधी सांगितले नाही की पहिल्याच लोडशेडिंगला सगळा विश्वास उडतो, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

कोजागिरीचे दूध, वाळवण, संक्रांतीचे पतंग, नवरात्रात पाऊस आला तर गरबा, हे सगळे गच्चीवर होते. ज्येष्ठ बायकांनी एकमुखाने सांगितले की गच्ची गेली तर आमचा विरोध. ते मला पूर्ण पटले. म्हणून उंच सांगाड्याची, खालून माणसे वावरू शकतील अशी रचना ठरली. त्याने खर्च वाढला, किलोवॅटला ६२,००० रुपये, एकूण १८.६ लाख. अनुदानासाठी भारतीय बनावटीच्या सोलर सेल असलेलीच पॅनेल लागतात, त्याचाही फरक यात आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तिच्यात एकट्या घराला तीन किलोवॅटसाठी ७८,००० रुपये मिळतात हे बहुतेकांना माहीत होते. गृहनिर्माण सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, हे सभेत निम्म्यांना पहिल्यांदा कळले. ३० किलोवॅटला ५.४ लाख. उरले १३.२ लाख. वर्षाला पाच लाखांची बचत धरली तर पावणेतीन वर्षांच्या आत पैसे वसूल.

पुनर्विकासाचा प्रश्न कोणीतरी काढणार हे ठाऊक होते. ठाण्यात वीस वर्षांच्या इमारतीतही तो निघतो. उद्या इमारत पाडायची तर हा खर्च का? बोल्टचा सांगाडा सुटा होतो, पॅनेल पुढच्या गच्चीवर लागतात, आणि तीन वर्षांत इमारत पाडली जाईल असे त्या सभेतल्या कोणालाही मनापासून वाटत नव्हते. ठराव मंजूर झाला. पैसे मुदत ठेवीतून घ्यायचे आणि बचत आधी त्याच ठेवीत परत भरायची, असे ठरले.

या ठरावातला मला सर्वांत आवडलेला भाग मात्र पैशांचा नाही. समितीने बाल्कनीतल्या पॅनेलचा विषयही बंद केला नाही. सेक्रेटरींनी जर्मन दुरुस्तीचा सारांश वाचून दाखवला आणि त्याच धर्तीवर उपविधींना जोडून एक नियम मांडला. सदनिकाधारकाने सौर, चार्जिंग किंवा तत्सम यंत्रणेसाठी अर्ज केला तर समितीने नुसता नकार कळवायचा नाही. कोणत्या अटींवर ते शक्य आहे हे लिहून द्यायचे: संरचना अभियंत्याचा दाखला, जोडणीची पद्धत, विमा, वितरण कंपनीची मंजुरी. अटी पूर्ण झाल्या तर परवानगी द्यावीच लागेल. बाईंच्या बाल्कनीला याचा आज उपयोग नाही. सी विंगच्या दक्षिणेला मोकळे मैदान आहे, तिथल्या सातव्या मजल्याला उद्या होऊ शकतो.

तीन मीटर, दहा-दहा किलोवॅट

अर्ज करताना एक निर्णय फार कामाचा ठरला. सगळे ३० किलोवॅट एकत्र न दाखवता प्रत्येक विंगच्या मीटरवर दहा-दहा किलोवॅटचे तीन स्वतंत्र अर्ज केले. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आहे. तिच्यानुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो. जर्मनीने ८०० वॅटसाठी जे केले त्याच जातीचा हा नियम आहे, आणि आपला दहा किलोवॅटपर्यंत जातो. आपल्याकडचे चांगले नियमही वापरले जात नाहीत, कारण ठेकेदाराला एकच मोठा अर्ज सोयीचा असतो आणि सोसायटीला नियम माहीत नसतो. तीन अर्जांची कागदपत्रे करायला बाई आणि तो तरुण सभासद एकत्र बसले. सातबारा नाही, मालमत्ता पत्रक लागेल, ठरावाची प्रत तिन्ही अर्जांना वेगळी जोडा, अशी बारीक कामे त्या दोघांनी निस्तरली.

मे २०२५ मध्ये संच चालू झाला. जुलैत पावसाने तो महिन्याला साडेसतराशे-अठराशे युनिटांवर थांबला. सोसायटीत कुरबूर झाली. मार्चमध्ये हाच संच साडेचार हजारांच्या जवळ गेला. नेट मीटरमध्ये जास्तीची युनिटे पुढच्या महिन्यात वळती होतात, पण हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि उरलेल्या युनिटांचे पैसे कमी दराने मिळतात. आपले चांगले ऊन फेब्रुवारी ते मे. म्हणजे एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामी येते, पण फेब्रुवारी-मार्चची तशी येत नाही. यावर उपाय एकच, संच वापराच्या बेताचाच ठेवणे. ३० किलोवॅटच्या पुढे न जाण्याचा निर्णय त्या दृष्टीनेही बरोबर ठरला.

धूळ हा दुसरा अनुभव. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ चे काम चालू असल्याने हिवाळ्यात पॅनेलवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर जमतो. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरच्या ॲपवर फरक दिसतो. सोसायटीचा माळी आता दर पंधरवड्याला सकाळी सातच्या आत, पॅनेल तापण्यापूर्वी, टाकीच्या साध्या पाण्याने ती धुतो. बोअरचे पाणी वापरायचे नाही, हे गरम पाण्याच्या नळ्यांनी शिकवले होते. त्याला त्याचे वेगळे पैसे मिळतात, आणि ते ठरावातच लिहिलेले आहेत.

घरांचा वाटा अजून बाकी

गच्ची सामाईक वापरात संपली. घरांच्या स्वतःच्या विजेचा प्रश्न उरलाच आहे, आणि माझ्या मते आपल्या शहरांसाठी खरा धडा इथे आहे. स्वच्छ ऊर्जेच्या योजना स्वतंत्र घराच्या छपराला डोळ्यांसमोर ठेवून बनतात. ऑस्ट्रेलियात तीनांतल्या एका घरावर पॅनेल आहेत, पण तिथेही फ्लॅटमध्ये राहणारे मागेच राहिले. ठाण्यात राहणारी बहुसंख्य माणसे फ्लॅटमध्ये किंवा चाळीत राहतात. त्यांना छप्पर नाही म्हणून अनुदानही नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

जर्मनीने २०१७ मध्ये भाडेकरूंना इमारतीच्या छपरावरची वीज विकण्याचा कायदा केला. तो कागदपत्रांत इतका अडकला की फार थोड्या इमारतींनी वापरला. शेजारच्या ऑस्ट्रियाने त्याच वर्षी सोपी पद्धत काढली होती: एका इमारतीतले रहिवासी छपरावरची वीज आपसांत ठरलेल्या प्रमाणात वाटून घेतात आणि बाकीच्या विजेसाठी आपापला पुरवठादार ठेवतात. २०२४ च्या सुधारणांत जर्मनीने तशीच पद्धत आणली. स्मार्ट मीटर नसल्याने तिथेही ती सावकाश चालली आहे. आपल्याकडे दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये आभासी नेट मीटरिंगचे नियम केले. एका ठिकाणच्या संचातली वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या टक्केवारीने वळती होते, आणि संच त्याच इमारतीवर असला पाहिजे असेही नाही. सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही अशा मीटरिंगला जागा ठेवलेली आहे.

संच दुसरीकडे असू शकतो म्हटल्यावर डेन्मार्क आठवतो. कोपनहेगनच्या बंदरासमोर मिडलग्रुंडन येथे २००० साली समुद्रात वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकूण ४० मेगावॅट. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या आणि तिचे साडेआठ हजारांहून अधिक सभासद होते. त्यांतल्या किती जणांकडे स्वतःचे छप्पर असेल? त्यांनी भाग घेतले होते. सहकारी साखर कारखाने उभे करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. ठाण्यातल्या सोसायट्या तर मुळात सहकारीच आहेत, दरवर्षी सभा घेतात, भागपत्रे देतात, ऑडिट करतात.

त्या सोसायटीने आता शेजारच्या काही सोसायट्यांशी बोलणी सुरू केली आहेत. मोकळ्या पार्किंगवरच्या शेड, एका शाळेचे मोठे छप्पर, अशा जागा पाहून झाल्या आहेत. अडकले आहे ते वाटणीच्या नियमांवर. घर विकले तर विजेचा वाटा घरासोबत जाणार की मालकासोबत? भाडेकरू राहत असेल तर बिलातली कपात त्याची की मालकाची? मेंटेनन्स थकवणाऱ्याचा वाटा थांबवता येईल का? पहिल्या प्रश्नावर एकमत झाले आहे, वाटा सदनिकेच्या भागपत्राला जोडायचा. भाडेकरूच्या प्रश्नावर मालक आणि समिती यांच्यात अजून ओढाताण आहे. बिल जो भरतो, कपात त्याची, असे माझे मत मी लेखी दिले आहे, आणि मसुदा पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.